अर्धशिशी आणि पांढरे ठिपके

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत लहानपण गेलेल्या माणसाला एकाच दुखण्याची चार नावं माहीत असतात. आमच्या घरात म्हणायचे अर्धशिशी. मागच्या वाड्यातल्या कानडी आजी म्हणायच्या ‘अरेतलेनोवु’, म्हणजे अर्ध्या डोक्याचं दुखणं. पूर्व भागातल्या पद्मशाली मंडळींच्या तेलुगूत ते ‘पार्श्वपु नोप्पि’, एका बाजूचं दुखणं. उर्दू बोलणाऱ्यांच्या घरी ‘आधासीसी’, आणि कुणी युनानी हकिमाकडे गेलंच तर ‘शकीका’. हा शेवटचा शब्द अरबी. त्याच्याही मुळाशी दुभंगणं, अर्धं होणं हाच अर्थ आहे. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्यानं त्याला ‘हेमिक्रेनिया’ म्हटलं, म्हणजे अर्धी कवटी. तो शब्द झिजत झिजत फ्रेंचमध्ये ‘मिग्रेन’ झाला आणि इंग्रजीवाटे आपल्याकडे ‘मायग्रेन’ होऊन आला. आता आपण अर्धशिशी सोडून मायग्रेन म्हणतो, पण अर्धं डोकं तेच!

हे सगळं आठवायला कारण आहे आमच्या घरात गेले काही महिने फिरत असलेला एक एमआरआय रिपोर्ट. रिपोर्ट माझ्या चुलत बहिणीचा. (तिला विचारून लिहितोय, पण नाव घालणार नाही.) वय ४६. विसाव्या वर्षापासून अर्धशिशी. हल्ले जरा वाढले म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. त्यात सगळं ठीक, फक्त एक ओळ अशी की मेंदूच्या पांढऱ्या भागात काही बारीक चमकते ठिपके दिसतात. त्यापुढे दोन-तीन शक्यता आणि प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह. बस्स. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. पण तोपर्यंत त्या ओळीचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला होता. आणि एका काकूंनी लिहिलं, “आजींचं असंच झालं होतं.”

आमच्या आजीला जन्मभर अर्धशिशी होती आणि शेवटची चार-पाच वर्षं ती माणसं विसरत गेली, हे खरं आहे. पण त्या एका वाक्यानं घरात एक सिद्धांत तयार झाला: अर्धशिशीनं ठिपके पडतात, ठिपके वाढले की विस्मरण येतं. आता बहीण किल्ली कुठे ठेवली ते विसरली तरी गप्प होते. तिची मुलगी २२ वर्षांची आहे, तिचंही डोकं दुखतं, आणि तीही हे सगळं ऐकत असते.

मी डॉक्टर नाही. बँकेत आयुष्य गेलं, वाचायची सवय तेवढी आहे. म्हणून या ठिपक्यांचा इतिहास जमेल तसा वाचून काढला. तो इथे लिहितोय, मुख्यतः घरच्यांसाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ज्या घरात अर्धशिशी नाही असं घर मला तरी माहीत नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर आणि आसपासच्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीत (ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली) वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचं प्रमाण २५.२ टक्के निघालं होतं. म्हणजे चारातलं एक माणूस! जगाचा आकडा साधारण सातात एक असा सांगतात. आणि बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट.

तर सुरुवातीपासून.

आयुर्वेदात या दुखण्याला ‘अर्धावभेदक’ म्हणतात. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रात त्याचं वर्णन आहे. सुश्रुतानं लक्षणं दिलीत ती आजही जुळतात: अर्धं डोकं फुटल्यासारखं होणं, टोचणं, चक्कर. पुढे तो म्हणतो की हे पंधरा दिवसांनी येतं, दहा दिवसांनी येतं, किंवा अचानक येतं. हल्ला किती दिवसांनी येतो हे त्याला नोंदवावंसं वाटलं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. चरकपरंपरेत आणखी एक इशारा आहे, तो असा की हा रोग फार वाढला तर डोळा किंवा कान निकामी करू शकतो. म्हणजे दुखणं येतं आणि जातं, पण जाताना मागे काही ठेवून जातं का, हा प्रश्न फार जुना आहे. आमच्या ग्रुपवर तो नव्यानं आला एवढंच.

सुश्रुतानं ‘सूर्यावर्त’ नावाचं वेगळं डोकेदुखणंही सांगितलंय. सूर्य चढेल तसं चढणारं आणि कलला की उतरणारं. वैशाखात पारा ४२ च्या वर जाणाऱ्या सोलापुरात हे कुणाला समजावून सांगायला नको. आजीचं दुखणंही उन्हाबरोबर चढायचं. मग ती माजघरात अंधार करून पडायची, कपाळाला सुंठेचा लेप. गिरणीचा भोंगा झाला की कानावर उशी. गणपतीत तर पंचाईतच, कारण आजोबा गणपती हाकेच्या अंतरावर आणि सोलापूरची लेझीम म्हणजे काही मंद संगीत नव्हे. उजाडायच्या आत जिलबी-दूध खाण्याचा उपाय आमच्याकडेही झाला. (तो आम्हा पोरांना फार आवडायचा. आम्हाला पण डोकं दुखतं, असं सांगून पाहिलं, पण डाळ शिजली नाही.) आणि अमृतांजनाची बाटली. हे अमृतांजन १८९३ साली मुंबईतच सुरू झालं, काशीनाधुनि नागेश्वर राव या आंध्रच्या गृहस्थांनी काढलं.

आजीचं न्हाणं शुक्रवारी असायचं आणि न्हाणं झालं की दुपारी डोकं धरायचं. घरातले पुरुष म्हणायचे, हे काहीतरी मनाचं. पण २००६ साली मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून अंघोळ केल्यानं मायग्रेन उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची नोंद एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ते वाचलं तेव्हा आजी नव्हती. असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

‘मनाचं आहे’ हा शेरा फक्त आमच्या वाड्यातला नव्हे बरं का. अमेरिकेत हॅरॉल्ड वुल्फ नावाचा मोठा संशोधक होऊन गेला. १९३८ मध्ये त्यानं आणि ग्रॅहमनं दाखवलं की अर्गोटामिन या औषधानं डोक्याच्या रक्तवाहिन्यांचे ठोके कमी होतात आणि दुखणंही उतरतं. त्यातून मायग्रेन म्हणजे रक्तवाहिन्यांचा खेळ हे मत अनेक दशकं टिकलं. पण याच वुल्फनं मायग्रेनवाल्यांचा स्वभावही रंगवून ठेवला: टापटिपीचे, हट्टी, सगळं अचूक हवं असणारे. मग दुखणं बाजूला आणि स्वभाव पुढे असं पुष्कळ काळ चाललं.

दुसरीकडे काही माणसं शांतपणे निरीक्षण करत होती. हल्ल्याआधी काहींच्या नजरेसमोर चमचमत्या वाकड्यातिकड्या रेघा येतात, त्याला ऑरा म्हणतात. मायग्रेनवाल्यांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांना हा अनुभव येतो. आजी म्हणायची, “डोळ्यापुढे करवतीचे दाते फिरायला लागले बघ.” १८७० साली ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरानं स्वतःला दिसणाऱ्या या दात्यांची चित्रं काढून प्रसिद्ध केली. ती चित्रं पाहिली तर आजीच्या करवतीचीच वाटतात. १९४१ मध्ये लॅशली या मानसशास्त्रज्ञानं आपल्याच ऑराचं मोजमाप घेऊन हिशेब मांडला की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर वेगानं सरकत असावं. १९४४ मध्ये लेआँव या ब्राझीलच्या संशोधकाला सशाच्या मेंदूत अशीच हळूहळू पसरणारी लाट सापडली, ज्यात पेशी आधी उत्तेजित होतात आणि मग काही मिनिटं गप्प पडतात. या दोन गोष्टी एकच असाव्यात हे लक्षात यायला १९५८ उजाडलं.

म्हणजे दुखणं मेंदूत खरंखुरं घडत होतं. तरीही सर्वसाधारण समज असाच होता की लाट ओसरली, हल्ला संपला, की मेंदू पूर्ववत. त्रासदायक पण निरुपद्रवी. याच्या उलट काही सिद्ध करायचं तर जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावायला हवं, आणि ती सोय नव्हती.

ती सोय झाली १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला तेव्हा. यंत्र बनवणारे हाउन्सफील्ड हे ईएमआय या ग्रामोफोन रेकॉर्डवाल्या कंपनीत नोकरीला होते! १९७३ मध्ये लॉटरबर यांनी एमआरआयच्या तत्त्वावर पहिली प्रतिमा मिळवली. त्यांना आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. ऐंशीच्या दशकात एमआरआय यंत्रं रुग्णालयांत आली आणि एक अनपेक्षित गोष्ट झाली. चांगल्या धडधाकट माणसांच्या मेंदूतही पांढरे चमकते ठिपके दिसायला लागले. हे काय आहे ते कुणालाच कळेना. उडत्या तबकड्यांना जसं ‘यूएफओ’ म्हणतात तसं डॉक्टरांनी या ठिपक्यांना थट्टेनं ‘यूबीओ’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे अनोळखी चमकत्या वस्तू. १९८७ मध्ये कॅनडाचे हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ल्युकोअरायोसिस’ असं भारदस्त ग्रीक नाव दिलं. अर्थ एवढाच की पांढरा भाग विरळ झालाय. कशामुळे, ते त्या नावात मुद्दामच सांगितलेलं नाही.

आता हा पांढरा भाग म्हणजे काय ते थोडक्यात. मेंदूच्या वरच्या थरात पेशी असतात, तो करडा भाग. त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा आतून जातात. तारांवर चरबीचं आवरण असतं, त्यामुळे तो भाग पांढरा दिसतो. या आतल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक, लांबलचक आणि टोकाला जाऊन संपणाऱ्या. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. उजनीच्या कालव्याला वरच्या अंगाला भरपूर पाणी, आणि टेलच्या शेतकऱ्याला मिळालं तर मिळालं. मेंदूचा खोल पांढरा भाग म्हणजे टेलचं रान. कालव्यात काही बिघडलं की पहिला फटका तिथे. उच्च रक्तदाबानं, मधुमेहानं, तंबाखूच्या धुरानं आणि वयानं या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात. टेलला रक्त कमी पोचतं, तिथल्या आवरणाची झीज होते, पाण्याचा अंश वाढतो, आणि एमआरआयमध्ये तो ठिपका चमकतो.

म्हणून म्हातारपणी हे ठिपके जवळपास सगळ्यांनाच असतात. हॉलंडमधल्या रॉटरडॅमला ६० ते ९० वयाच्या लोकांची तपासणी झाली (२००१ मध्ये प्रसिद्ध), तेव्हा एकही ठिपका नसलेले लोक निघाले जेमतेम ५ टक्के.

मग मायग्रेनचा संबंध कुठे आला? २००४ हे या गोष्टीतलं महत्त्वाचं वर्ष. त्या वर्षी स्वार्ट्झ आणि कर्न यांनी आधीच्या सात अभ्यासांची बेरीज करून सांगितलं की मायग्रेन असलेल्यांत ठिपके असण्याची शक्यता सुमारे चौपट दिसते. पण त्यातले बरेच अभ्यास रुग्णालयात आलेल्या लोकांवरचे होते, म्हणजे आधीच जास्त त्रास असलेल्यांवरचे. त्याच वर्षी हॉलंडचाच एक अभ्यास आला, क्रूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी रुग्णालयाऐवजी सर्वसामान्य वस्तीतून ३० ते ६० वयाची माणसं निवडली. ऑरासह मायग्रेन असलेले १६१, ऑराविना १३४ आणि मायग्रेन नसलेले १४०. निष्कर्ष असे: खोल पांढऱ्या भागातल्या ठिपक्यांचं जास्त प्रमाण असण्याची शक्यता मायग्रेन असलेल्या स्त्रियांत सुमारे दुप्पट. पुरुषांत फरक नाही. ज्या स्त्रियांना महिन्यातून एकदा किंवा जास्त हल्ले, त्यांच्यात शक्यता आणखी जास्त. (सुश्रुताची पंधरा दिवसांची नोंद आठवली ना?) शिवाय मेंदूच्या मागच्या भागात, रक्त न पोचल्यानं झालेल्या छोट्या, कुणाला न कळलेल्या जखमा मायग्रेनवाल्यांपैकी ५.४ टक्के लोकांत होत्या, इतरांत ०.७ टक्के. त्यातही ऑरा आणि वारंवार हल्ले असणारे पुढे.

मला वाटतं, त्या वर्षी जगभरच्या पुष्कळ बायकांना दोन गोष्टी एकदम मिळाल्या असतील. एक, आपलं दुखणं मनाचं नाही याला छापील साक्षीदार. आणि दोन, भीती. आमच्या बहिणीला सव्वीस वर्षं ‘कामाच्या वेळी बरं दुखतं’ ऐकावं लागलं. रिपोर्ट आला त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली, “निदान आता कुणी नाटक म्हणणार नाही.” दुसऱ्या दिवसापासून ती घाबरायला लागली.

पण इतिहास २००४ ला थांबलेला नाही, आणि रिपोर्ट वाचून इंटरनेटवर शोधणारे बहुतेक लोक तिथेच थांबतात. त्याच डच चमूनं नऊ वर्षांनी तीच माणसं पुन्हा बोलावली. मायग्रेनवाले २०३ आणि इतर ८३ आले. हा अहवाल २०१२ चा. मायग्रेन असलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांत खोल भागातले ठिपके वाढले होते, आणि मायग्रेन नसलेल्या स्त्रियांपैकी ६० टक्क्यांत. हा दुसरा आकडा सावकाश वाचा. मायग्रेन नसतानाही नऊ वर्षांत दहापैकी सहा जणींचे ठिपके वाढले! आणि या खेपेला हल्ल्यांच्या संख्येशी वाढीचा संबंध दिसला नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांचे ठिपके जास्त त्यांची स्मरणशक्ती आणि बुद्धी जास्त घसरली असं काहीही आढळलं नाही.

त्याआधी २०११ मध्ये फ्रान्समधल्या नान्त शहरातला अभ्यास आला होता. ७८० माणसं, सरासरी वय ६९. तीव्र डोकेदुखीचा इतिहास असलेल्यांत ठिपक्यांचं प्रमाण जास्त होतं, पण विचारशक्तीच्या परीक्षांत ती मंडळी इतरांपेक्षा मागे नव्हती. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंही २०१३ मध्ये असंच काहीसं सांगितलं. मायग्रेनवाल्यांत ठिपके थोडे जास्त, पण वर्षं जातात तसे ते इतरांपेक्षा वेगानं वाढत नाहीत.

म्हणजे आमच्या घरच्या सिद्धांताचा पहिला दुवा (अर्धशिशी आणि ठिपके) काही अंशी खरा आहे. दुसरा दुवा (अर्धशिशीतले ठिपके आणि विस्मरण) शोधून पाहिला गेला आणि सापडला नाही.

अपवाद सांगायला हवा. काडासिल नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. त्याला हे नाव मिळालं १९९३ मध्ये, आणि त्याला जबाबदार असलेलं ‘नॉच ३’ हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. यात सुरुवात पुष्कळदा ऑरासह मायग्रेननं होते, पांढऱ्या भागात खूप बदल होतात, आणि चाळिशी-पन्नाशीत पक्षाघात, पुढे विस्मरण. घरात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात पक्षाघात होत असतील तर डॉक्टर त्याचा विचार करतात. आमच्या घरात तसं नाही, हे मी तीन पिढ्यांची माहिती गोळा करून पाहिलंय.

मग आजीचं काय?

आजीचा एमआरआय कधी झालाच नाही. पण तिच्याबद्दल आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या काही गोष्टी आहेत, त्या एकत्र मांडून बघू. आजी रोज सकाळी मिश्री लावायची, म्हणजे भाजलेला तंबाखू हिरड्यांवर, पन्नासेक वर्षं. ताटात कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खाराची मिरची, लोणचं, आणि वरून मीठ. १९८७ साली तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात नेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला गेला. वरचा आकडा २१० होता. तोवर किती वर्षं तो तसा होता देव जाणे. अर्धशिशी म्हणून डोकं दुखतंय असंच सगळ्यांनी धरलेलं. हात थोडा सुधारला, नंतर आणखी एकदा तसंच झालं, आणि मग ती नावं विसरायला लागली.

हे असं मांडल्यावर दोष अर्धशिशीकडे जातो की त्या २१० कडे? माझं मत सरळ आहे. आजीच्या विस्मरणाआधी दोन पक्षाघात आणि मोजला न गेलेला रक्तदाब उभा आहे. अर्धशिशी आम्हाला दिसायची, कारण ती माजघरात अंधार करून पडायची. रक्तदाब दिसायचा नाही. म्हणून घराच्या आठवणीत अर्धशिशीच राहिली.

आणि इथेच या ठिपक्यांचा खरा उपयोग आहे. ते आपल्याला रक्तवाहिन्यांकडे बघायला सांगतात. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही. ऑरा असणं हातात नाही. पण बाकीची यादी हातातली आहे: रक्तदाब, साखर, तंबाखू, वजन, बैठं जगणं. २०१९ मध्ये अमेरिकेत ‘स्प्रिंट माइंड’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. पन्नाशीपुढच्या, रक्तदाब असलेल्या लोकांचे दोन गट केले होते. एका गटात वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्यात १२० च्या खाली. साधारण चार वर्षांत पहिल्या गटातल्या ठिपक्यांचं आकारमान १.४५ घन सेंटिमीटरनं वाढलं, दुसऱ्यात ०.९२ नं. म्हणजे रक्तदाब नीट सांभाळला तर ठिपक्यांचा वेग कमी होतो. मायग्रेनच्या कुठल्याही औषधाबद्दल अजून असं सिद्ध झालेलं नाही. ती औषधं दुखणं कमी करायला घ्यायची, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

बहिणीच्या मुलीसाठी एक गोष्ट वेगळी. तिला तिच्या पणजीसारखे करवतीचे दाते दिसतात. ऑरासह मायग्रेन असेल तर पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट धरतात. तरुण वयात मूळ धोकाच अगदी लहान असतो, त्यामुळे दुप्पट होऊनही तो लहानच राहतो. पण सिगारेट आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी यांची त्यात भर पडली की हिशेब बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत ऑरा असलेल्या स्त्रीला अशी गोळी द्यायचीच नाही असं स्पष्ट आहे. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय असतात. आपल्याकडे लग्नकार्य, पूजा निघाली की पाळी पुढे ढकलायची गोळी कुणी कुणाला सहज देतं, मैत्रिणीच्या पर्समधून सुद्धा. तर पोरी, गोळी कुठलीही असो, आधी डॉक्टरांना दात्यांबद्दल सांग.

आणि सगळ्यांसाठी: डोकं एकदम, वीज पडल्यासारखं दुखलं, हातपाय किंवा बोलणं गेलं, तापाबरोबर मान ताठ झाली, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली, तर ‘आपल्या घरातली अर्धशिशी’ म्हणून लेप लावत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

बहिणीला मी एवढंच सांगितलं की तुझा रिपोर्ट तुझ्या विस्मरणाची नोटीस नाही. आणि तो तुझ्या दुखण्याची पावतीही नाही. ठिपके नसते तरी तुझं दुखणं तेवढंच खरं होतं. ज्यांनी त्याला नाटक म्हटलं त्यांना एमआरआयची गरज पडायला नको होती.

या दिवाळीला सगळे शुक्रवार पेठेत जमणार आहोतच. मी रक्तदाबाचं यंत्र आणतोय. फराळाआधी प्रत्येकानं दंड पुढे करायचा, काकूंनीही, आणि जावयांनाही सूट नाही. ग्रुपवर यापुढे रिपोर्टचे फोटो नकोत, ते आकडे टाका. तोंडातली मिश्री, तंबाखू, गुटखा कुणाकुणाकडे आहे ते मला माहीत आहे. नावं इथे लिहीत नाही. भेटल्यावर बोलू.